विलंबनतत्त्व आणि जोखमीचे स्थलांतर : उत्पादनसंस्थांच्या पुरवठा साखळीतील एका संकल्पनेची चिकित्सा

प्रास्ताविक

काम लांबणीवर टाकणे ही गोष्ट मराठीत सहसा गौरवाने सांगितली जात नाही. दिरंगाई, चालढकल, टाळाटाळ हे शब्द तिच्या आसपास वावरतात. व्यवस्थापनशास्त्राने मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापासून या लांबणीवर टाकण्यालाच एका शिस्तबद्ध तत्त्वाचे रूप दिले. 'पोस्टपोनमेंट' या नावाने पाठ्यपुस्तकांत शिकविल्या जाणाऱ्या या तत्त्वास येथे 'विलंबन' असे म्हटले आहे. वस्तूला तिचे अंतिम रूप देण्याचा निर्णय, म्हणजे तिचा रंग, तिचे वेष्टन, तिच्यावरील भाषा, तिला जोडावयाचा एखादा भाग ठरविण्याचा निर्णय, ग्राहकाची खरी मागणी समजेपर्यंत रोखून धरावा आणि तोवर माल सर्वांना समान अशा अर्धसिद्ध अवस्थेत ठेवावा, हे त्याचे सार होय.

कल्पना तशी अपरिचित नाही. तयार कपड्यांची दुकाने गावोगाव होण्यापूर्वी शिंप्याच्या दुकानात हेच चालत असे. कापडाचे ठाण सर्वांसाठी एक. सदरा कोणाचा, केवढा आणि कोणत्या गळ्याचा हे गिऱ्हाईक दारात आल्यावर ठरे. फरक एवढाच, की शिंप्याला ते तत्त्व म्हणून सांगण्याची गरज पडली नाही आणि गिऱ्हाइकाने वाट पाहण्याची तयारी ठेवलेली होती. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात हे दोन्ही आधार नाहीसे होतात. तेथे वाट कोणी पाहावयाची, हा प्रश्न नव्याने उभा राहतो. आणि या विषयावरील बहुतांश लेखन नेमके या प्रश्नापाशी येऊन थांबते. विलंबनाने साठा कमी होतो हे निर्विवाद आहे. परंतु कमी झालेला साठा कोणाचा आणि त्याच्या बदल्यात वाढलेला भार कोणावर, याचा हिशेब त्या बचतीच्या आकड्यांत दिसत नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

ॲल्डरसन आणि बकलिन

या तत्त्वाची पहिली स्पष्ट मांडणी अमेरिकन विपणनतज्ज्ञ रो ॲल्डरसन यांनी 1950 मध्ये केली. वस्तूच्या रूपात व ओळखीत होणारे बदल वितरणाच्या प्रवाहात शक्य तितक्या उशिराच्या टप्प्यावर न्यावेत आणि साठ्याचे स्थानांतरही शक्य तितक्या उशिरा करावे, असे त्यांचे म्हणणे होते. खरेदीचा क्षण जवळ येतो तशी मागणीविषयीची अटकळ अधिक खरी ठरते, हा त्यामागील तर्क. तो साधा आहे आणि अचूक आहे.

1965 मध्ये लुई बकलिन यांनी या तर्काची दुसरी बाजू पुढे आणली, आणि या विषयावरील संपूर्ण वाङ्मयात त्यांचा निबंध आजही सर्वांत प्रौढ वाटतो. बकलिन यांनी विलंबनाच्या शेजारी त्याचे विरुद्ध तत्त्व बसविले : अटकळीवर केलेले आगाऊ उत्पादन. मोठ्या प्रमाणावर, आधीच, एकदम माल तयार केला तर दर नगाचा खर्च कमी होतो. तेव्हा विलंबन आणि अटकळ यांचा तोल हाच वितरणरचनेचा खरा प्रश्न आहे, असे त्यांनी दाखविले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, विलंबन हे जोखीम नाहीशी करण्याचे साधन नसून ती दुसऱ्याकडे सरकविण्याचे साधन आहे, हे त्यांनी उघडपणे मांडले. उत्पादक आधी मागणीपत्र आणा असे म्हणून विलंबन करतो. मध्यस्थ त्वरित पुरवठा करणाऱ्याकडूनच माल घेऊन साठा मागे उत्पादकाच्या अंगावर ढकलतो. ग्राहक तर माल दुकानात हजर असेल तेव्हाच घेईन असे म्हणून तो दुकानदाराच्या गळ्यात घालतो. प्रत्येकाचे विलंबन म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी आगाऊ तजवीज होय.

पुढील वाङ्मयाने ॲल्डरसन यांचे नाव जपले, बकलिन यांचा मुद्दा मात्र पातळ केला. 1988 मध्ये झिन आणि बॉवरसॉक्स यांनी विलंबनाचे लेबल, वेष्टन, जुळणी, निर्मिती आणि काळ असे पाच प्रकार केले. वर्गीकरण उपयुक्त आहे, अध्यापनास तर फारच सोयीचे आहे. मात्र या पाचही प्रकारांत 'कोणता टप्पा' हे सांगितले जाते. तो टप्पा 'कोणाच्या हातचा' हे त्या चौकटीत विचारले जात नाही. पाठ्यपुस्तकांतून विद्यार्थ्यांपर्यंत जे विलंबन पोहोचते ते बहुधा याच चौकटीतले असते.

छपाईयंत्राचे उदाहरण

विलंबनाची कीर्ती ज्या एका उदाहरणावर उभी आहे, ते ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या डेस्कजेट छपाईयंत्राचे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील व्हँकूव्हर येथे ही यंत्रे तयार होत आणि जहाजाने युरोप व आशियातील वितरण केंद्रांकडे जात. या प्रवासास सुमारे एक महिना लागे. यंत्र सर्वत्र तेच. मात्र देशागणिक विजेचा दाब वेगळा, खटक्यात बसणारी पिन वेगळी, सोबतची माहितीपुस्तिका वेगळ्या भाषेत. हे सर्व व्हँकूव्हरलाच ठरवून पाठविले जात असल्याने, महिन्याभराने माल पोहोचेपर्यंत एका देशासाठीची यंत्रे वखारीत पडून राहत आणि शेजारच्या देशासाठीची संपलेली असत. एकूण माल भरपूर, तरी हवा तो माल नाही, अशी ही अवस्था होती.

त्यावरील उपाय म्हणून यंत्राची रचनाच बदलण्यात आली. वीजपुरवठ्याचा भाग शेवटी बाहेरून जोडता येईल असा केला गेला. सर्व देशांसाठी एकच सामायिक यंत्र रवाना होऊ लागले आणि पिन, पुस्तिका व वेष्टन यांची जोड वितरण केंद्रात दिली जाऊ लागली. 1997 मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त एडवर्ड फाइट्झिंगर व हाऊ ली यांनी लिहिलेल्या लेखानुसार, निर्मितीचा खर्च किंचित वाढूनही निर्मिती, वाहतूक व साठा यांचा एकत्रित खर्च 25 टक्क्यांनी घटला.

या बचतीमागचे गणित समजून घेतल्याशिवाय तिच्या मर्यादा कळत नाहीत. उदाहरणादाखल चार देश घ्यावेत. प्रत्येकाची मागणी सरासरीच्या वर-खाली 100 नगांच्या प्रमाणात हेलकावते असे मानावे. प्रत्येक देशासाठी स्वतंत्र माल ठेवावयाचा तर राखीव साठ्याचा आधार 100 गुणिले 4, म्हणजे 400 नगांचा होतो. सामायिक माल एकत्र ठेवला तर एका देशातील घट दुसऱ्या देशातील वाढीने भरून निघते. हेलकाव्यांची बेरीज सरळ न होता त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे लागते, आणि ते 200 येते. साठा निम्म्यावर आला. यात चमत्कार नाही; वेगवेगळ्या घरांतील अडचणी एकाच दिवशी येत नाहीत या अनुभवावर जशी भिशी चालते, तसेच हे आहे.

परंतु भिशी बुडते केव्हा? सर्वांना एकाच दिवशी गरज लागते तेव्हा. चारही देशांतील मागणी एकाच दिशेने, एकाच वेळी हलत असेल तर वर्गमूळाचा लाभ उरत नाही आणि आकडा पुन्हा 400 वर जातो. याचा अर्थ असा की, विलंबन हे वाटणीच्या अनिश्चिततेवरचे औषध आहे, एकूण मागणीच्या अनिश्चिततेवरचे नव्हे. जर्मन पुस्तिकेची यंत्रे किती व फ्रेंच पुस्तिकेची किती, हे उशिरा ठरविता येते. मुळात किती यंत्रे लागतील हे व्हँकूव्हरला आधीच ठरवावे लागते, कारण जहाजाचा महिना कोठेही गेलेला नाही. 2008 च्या मंदीसारख्या किंवा 2020 च्या टाळेबंदीसारख्या प्रसंगी सर्व बाजारपेठा एकदम खाली बसतात. अशा वेळी सामायिक अर्धसिद्ध माल हा केवळ वेगळ्या अवस्थेतील पडून राहिलेला माल असतो. पाठ्यपुस्तकांतील यशोगाथा बहुधा सामान्य काळातील आहेत, ही बाब त्यांच्या मूल्यमापनात धरली पाहिजे.

आणखी एक गोष्ट या उदाहरणात अर्धवट राहते. वितरण केंद्र हे मुळात माल ठेवण्याचे आणि पाठविण्याचे ठिकाण. त्याला जुळणीचे काम करावे लागणे हा कामाच्या स्वरूपातील बदल आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात या यंत्रावर तयार झालेल्या अभ्यासप्रकरणात वितरणाशी संबंधित मंडळींची ही नाखुशी नोंदलेलीही आहे : आपले काम वितरणाचे, निर्मितीचे नव्हे. पुढील पुनर्कथनांत ही नाखुशी 'बदलाला होणारा विरोध' या सदरात जमा झाली आणि विसरली गेली.

शेवटचा टप्पा कोणाचा?

इटलीतील बेनेटन या लोकरी कपड्यांच्या कंपनीचे उदाहरण या दृष्टीने अधिक बोलके आहे. रूढ पद्धतीत सूत आधी रंगविले जाते आणि मग त्याचा कपडा विणला जातो. बेनेटनने हा क्रम उलटा केला : कपडे बिनरंगी विणून ठेवावयाचे आणि हंगामात कोणता रंग चालतो हे दिसू लागल्यावर ते रंगवावयाचे. तयार कपडा रंगविणे सूत रंगविण्याहून महाग पडते आणि रंगविताना तो आटू नये याची काळजी घ्यावी लागते. तरीही, न खपलेल्या रंगाचे कपडे उतरत्या भावाने काढावे लागण्यापेक्षा ते परवडले.

येथे एक तपशील फारसा अधोरेखित होत नाही. बेनेटनच्या त्या काळातील रचनेत विणकाम व शिवणकामाचा मोठा भाग व्हेनेतो परिसरातील लहान कंत्राटदारांकडे होता. रंगविण्याचे काम मात्र कंपनीने स्वतःच्या हाती ठेवले होते. म्हणजे जो टप्पा लांबणीवर टाकला होता, त्याची यंत्रसामग्री, तिच्यातील भांडवल आणि हंगामाच्या ऐन भरात तिच्यावर येणारा ताण ज्याचा निर्णय त्याच्याच पदरात होता. विलंबनाचा लाभ आणि विलंबनाचा भार एकाच ठिकाणी असले म्हणजे हिशेब प्रामाणिक राहतो. ते दोन वेगळ्या ठिकाणी गेले की काय होते, याचे उदाहरण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

रंगाच्या दुकानात

भारतातील घररंगाच्या व्यवसायात, ज्यातील अग्रगण्य एशियन पेंट्स ही कंपनी 1942 मध्ये मुंबईत सुरू झाली, विलंबनाचा सर्वाधिक विस्तार झालेला दिसतो. पूर्वी दुकानदार प्रत्येक छटेचे, प्रत्येक मापाचे डबे ठेवीत असे. समजा 100 छटा आणि 1, 4, 10 व 20 लिटरची चार मापे. म्हणजे 400 प्रकारचे डबे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दुकानांत रंगमिश्रणाची यंत्रे पसरू लागली. कारखान्यातून केवळ चार-पाच प्रकारचा आधाररंग येतो. यंत्रात डझनभर गडद रंगद्रव्ये असतात. गिऱ्हाइकाने छटापुस्तिकेतील चौकोनावर बोट ठेवले की संगणक प्रमाण काढतो, यंत्र थेंब सोडते, डबा हलविला जातो आणि छटा तयार होते. वीसेक प्रकारचे डबे आणि थोडी रंगद्रव्ये एवढ्यावर शेकडो, किंबहुना हजारो छटा देता येतात. विलंबनाचे याहून सुबक उदाहरण क्वचितच सापडेल.

मात्र हे तत्त्व यंत्राबरोबर आले असे मानणे चुकीचे ठरेल. भिंतीला चुना देताना त्यात निळीची पुडी टाकणारा, किंवा पांढऱ्या रंगाच्या बादलीत स्टेनरची बाटली हाताच्या अंदाजाने रिकामी करणारा रंगारी विलंबनच करीत होता, आणि तेही थेट भिंतीसमोर उभा राहून, म्हणजे ॲल्डरसन यांना अभिप्रेत असलेल्या अगदी शेवटच्या बिंदूवर. दुसऱ्या दिवशी कालच्याच छटेची बादली कालवता येणे हे त्याचे कसब होते. यंत्राने छटेतील सातत्य आणले, ही ग्राहकाच्या दृष्टीने खरी सुधारणा आहे. त्याच वेळी निर्णयाचा बिंदू रंगाऱ्याच्या हातून निघून दुकानाच्या काउंटरवर, म्हणजे एक पाऊल मागे सरकला आणि कसबाचे मूल्यही त्याबरोबर सरकले. हे सरकणे कोणत्याही ताळेबंदात येत नाही.

आता जोखमीकडे पाहावे. कारखान्याचा तयार छटांचा साठा घटला, नको त्या छटांचे डबे परत येण्याचा प्रश्न जवळजवळ मिटला. दुकानदाराचाही माल कमी झाला. तो लाभार्थी नाही असे म्हणता येणार नाही. परंतु यंत्र त्याने विकत घेतलेले असो की करारावर मिळालेले असो, त्यासाठीची जागा, ते चालविणारा माणूस, नळ्यांची स्वच्छता आणि अखंड वीज ही त्याची जबाबदारी झाली. 2005 नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागाने दीर्घ भारनियमन सोसले आहे. अशा ठिकाणी विजेवर चालणारे मिश्रण म्हणजे जनित्राचा वा बॅटरीचा खर्चही आला. याहून सूक्ष्म बाब अशी, की एकदा रंगद्रव्य मिसळलेला डबा सहसा परत घेतला जात नाही. बंद डब्याची छटा पसंत न पडल्यास तो बदलून मागता येई. मिश्रण झालेला डबा गिऱ्हाइकाने नाकारला तर तो दुकानदाराचा, स्वीकारला तर गिऱ्हाइकाचा. चुकीच्या अंदाजाची किंमत पूर्वी काही अंशी तरी कारखान्यापर्यंत परत जात असे. आता ती काउंटरच्या अलीकडे किंवा पलीकडे, पण काउंटरपाशीच संपते.

दुकानदाराच्या बाजूने असे म्हणता येईल की, हा सौदा त्याने समजून केला आहे आणि एकूण तो फायद्यात आहे. ते बहुतेक वेळा खरेही असावे. आक्षेप सौद्यावर नाही. त्या सौद्याचे वर्णन 'साखळीतील खर्च कमी झाला' अशा एकाच वाक्यात करण्यावर आहे.

श्रमाचा आणि कायद्याचा प्रश्न

विलंबनाने काम शेवटच्या टप्प्यावर साचते. वर्षभर सम गतीने होऊ शकणारी कामे मागणी कळल्यानंतरच्या थोड्या दिवसांत उरकावी लागतात. यंत्राला याचे सोयरसुतक नसते, माणसाला असते. वेष्टन, लेबल, शेवटची जुळणी ही कामे बहुधा हातांनीच होतात, आणि अशा चढउताराच्या कामासाठी कायम नोकर ठेवण्याऐवजी हंगामी वा कंत्राटी मजूर घेण्याकडे संस्थांचा कल असणे स्वाभाविक आहे.

भारतातील कायद्याने या कामांचे स्वरूप पूर्वीच ओळखले होते. 1948 च्या कारखाने अधिनियमातील 'उत्पादनप्रक्रिये'च्या व्याख्येत वस्तू विक्रीसाठी वा पाठवणीसाठी बांधणे, वेष्टित करणे यांचाही समावेश होता. म्हणजे वखारीत चालणारे वेष्टनाचे काम कायद्याच्या दृष्टीने निर्मितीच होती. प्रश्न आकाराचा आहे. विजेच्या साहाय्याने काम चालते तेथे 10 आणि अन्यत्र 20 कामगार ही त्या अधिनियमातील किमान मर्यादा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने अनुक्रमे 20 आणि 40 अशी वाढविली. विलंबनाचा स्वभावच असा की तो एका मोठ्या कारखान्यातील शेवटचा टप्पा फोडून बाजारपेठेजवळच्या अनेक लहान ठिकाणी वाटतो. एका छपराखाली दोनशे माणसे करीत असलेले काम पंधरा-पंधरा जणांच्या जागांत विभागले गेले, तर काम तेच राहून 'कारखाना' मात्र नाहीसा होऊ शकतो. पुरवठा साखळीवरील लेखनात हा परिणाम क्वचितच नमूद होतो. तो दुसऱ्या विद्याशाखेचा विषय समजला जातो.

करपद्धतीने विलंबनाचा भूगोल कसा घडविला, हाही स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होण्यापूर्वी केंद्रीय विक्रीकर टाळण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत वखारी ठेवीत. माल आधीच राज्यागणिक वाटून ठेवणे हे बकलिन यांच्या परिभाषेतील अटकळच होय, आणि ती बाजाराने नव्हे तर कायद्याने लादलेली होती. त्या काळातील भारतीय कंपन्यांना विलंबन जमले नाही असे सरसकट म्हणणे त्यामुळे अन्यायाचे ठरते.

बकलिन यांनी सांगितलेले मध्यस्थाचे विलंबन सर्वांत उघड्या रूपात दिसले ते 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये. जगभरची दुकाने बंद होताच पाश्चात्त्य खरेदीदारांनी बांगलादेशातील कपडे कारखान्यांना दिलेल्या मागण्या रद्द केल्या किंवा थांबविल्या. तेथील तयार कपडे उत्पादक व निर्यातदारांच्या संघटनेने दिलेला आकडा तीन अब्ज डॉलरहून अधिक होता. त्यांपैकी अनेक मागण्या पुढे पूर्ववत झाल्या हे खरे. परंतु त्या मधल्या आठवड्यांत कापड खरेदी झालेले होते, काही माल शिवून बांधून ठेवलेला होता आणि कामगारांचे वेतन देय होते. खरेदीदाराचे पैसे माल रवाना झाल्यानंतर द्यावयाचे असल्याने निर्णय शेवटपर्यंत रोखून धरण्याची मुभा त्याच्याकडे होती. या घटनेस कोणी विलंबनाचे उदाहरण म्हणत नाही, ती करारभंगाची किंवा आपत्तीची कथा म्हणून सांगितली जाते. तथापि रचना तीच आहे : एकाने निर्णय उशिरा घेतला, आणि तो उशीर दुसऱ्याने आपल्या कापडात व मजुरीत आधीच भरून ठेवला होता.

म्हणून एखाद्या संस्थेने विलंबनाचा अवलंब केल्याचे प्रकरण अभ्यासताना साठ्यातील घट किती टक्के, एवढे विचारून भागत नाही. सामायिक माल कोणाच्या नावावर उभा आहे, शेवटच्या टप्प्याची यंत्रे कोणाच्या कर्जातून आली, ऐन हंगामातील जादा तास कोणत्या दराने दिले गेले आणि मिश्रण झाल्यावर नाकारलेला डबा कोणाच्या फळीवर राहिला, या नोंदी त्या संस्थेच्या वहीत नसतातच. त्या कंत्राटदाराच्या, वखारमालकाच्या आणि दुकानदाराच्या वह्यांत शोधाव्या लागतात. रंगाच्या दुकानात तर कोपऱ्यातले, झाकणावर छटेचा क्रमांक चिकटविलेले आणि कुंपणाच्या भिंतीसाठी कमी भावात जाणारे डबे मोजले तरी सुरुवात होते.